सुक्या तालाचे दरोगा

जगदाळेकाकांची नोकरी तलाव रिकामा ठेवण्याची होती. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. पुण्याचे माझे मेहुणे तर म्हणाले, "तुमच्या ग्वाल्हेरच्या दरबारात माशा मारायलाही माणूस ठेवला असेल!" त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही हसलो. काकांच्या बाबतीत मी जे जे केलं, त्यातलं हे सगळ्यात लहान पाप. मोठं पुढे सांगतो. तेच सांगायला बसलोय, तेव्हा मध्येच उठून जाणार नाही.

नाव खंडेराव जगदाळे. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. पुढे घोडे गेले, तलवारी गेल्या आणि काकांच्या वाट्याला एक ताल, म्हणजे तलाव, आला. हुद्दा दरोगा. आमच्याकडे दरोगा म्हणजे पोलीसच असं नाही. संस्थानात बागेचा दरोगा असे, तबेल्याचा असे, तसे हे तालाचे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दौलतगंजाच्या खालच्या अंगाला आमची गल्ली, आणि त्यांचं घर आमच्या अगदी समोर. माणूस बुटका, रुंद, डोक्याला रंग उडालेला फेटा, हातात लोखंडी आकडी लावलेली लांब काठी. पाऊस कोसळायला लागला की अख्खी गल्ली वर बघायची आणि हे खाली मान घालून गटाराकडे बघत उभे. "वर काय बघता? आभाळ गप्पा मारतं. खरं काय ते गटार सांगतं," म्हणायचे.

आता तो ताल काय होता ते सांगतो, नाहीतर काकाही कळायचे नाहीत.

लष्करच्या वर टेकड्या आहेत, उघड्याबोडक्या, दगडी. जोराचा पाऊस झाला की तिथलं पाणी दोन नाल्यांनी जे सुटायचं, ते वाटेत पहिली गाठायचं आमची गल्ली. म्हणून कुणा जुन्या जाणत्याने नाले जिथे एकत्र येतात तिथे बांध घालून ठेवला होता. बांधाच्या तळाशी एक दगडी मोरी, घागर आडवी जाईल एवढी. पाणी यायचं दोन नाल्यांनी आणि बाहेर पडायचं या घागरीएवढ्या तोंडातून. यायला त्याला दोन तास पुरायचे, जायला दोन दिवस लागायचे. गल्लीत घोटाभर पाणी दिसायचं, तेही निमूट. तिसऱ्या दिवशी ताल पुन्हा कोरडा, पुढच्या पावसाला मोकळा. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस त्यात म्हशी चरायच्या, म्हणून सगळे त्याला सूखा ताल म्हणायचे. एवढंच ते यंत्र. त्याची किल्ली एकच, मोरीचं तोंड तुंबू द्यायचं नाही. काका भर पावसात गोणपाटाची खोळ घेऊन बांधावर बसायचे आणि आकडीने फांद्या, चिंध्या, मेलेली कुत्री ओढून काढायचे.

"काका, ताल भरलेला किती छान दिसेल," असं कुणी म्हटलं की संपलंच. "अरे भाई, घर आधीच माणसांनी भरलेलं असलं तर पाहुणा झोपेल कुठे? जागा आधी करून ठेवावी लागते. माझी नोकरी जागेची आहे, पाण्याची नाही!"

एकदा गल्लीतल्या बायका त्यांच्यावर उलटल्या. विहिरीच्या पाण्याला वास येतो, कारण तालात म्हशी बसतात आणि तेच पाणी झिरपत आमच्याकडे येतं, अशी तक्रार. काका पुढच्या पावसात काकूंच्या दोन काचेच्या बरण्या उचलून गेले, एक वरच्या नाल्याच्या पाण्याने भरून आणली, दुसरी मोरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याने, आणि दोन्ही गल्लीच्या तोंडाशी महादेवाच्या पायरीवर ठेवल्या. पहिल्या बरणीत नुसता काढा. दुसरीत हात घातला तर बोटं दिसत होती. "दोन दिवस बसवलं ना पाण्याला, की ते आपली घाण आपणच खाली टाकतं," काका म्हणाले, "आणि उरलंसुरलं हा लव्हाळा धरतो." मोरीच्या तोंडाशी त्यांनी लव्हाळ्याचा दाट पट्टा राखला होता, त्याला कुणी विळा लावला तर आकडी घेऊन धावायचे. वास कशाचा, तर विहिरीत कुणाची तरी पखाल पडून कुजली होती. बायकांची तक्रार मिटली. काकू मात्र महिनाभर ओरडत होत्या, "माझ्या लोणच्याच्या बरण्या! आता त्यात लोणचं कोण घालणार, तुमचा ताल?"

उन्हाळ्यात ते गाळ काढून घ्यायचे. कुंभार न्यायचे, बगीचेवाले न्यायचे, गाड्यांची रांग लागायची. काका चिमूटभर गाळ तळव्यावर घेऊन चोळायचे आणि सांगायचे, "हा पूर्वेकडच्या नाल्याचा. तिकडे कुणीतरी झाडं तोडलीत." त्यांच्या तळव्याला डोळे होते म्हणा ना. भिंतीला ओल आली का, गहू नीट वाळले का, सगळं ते तळवा ठेवून सांगायचे. काकू पापड वाळत घालायच्या आणि संध्याकाळी काकांना हाक मारायच्या, "अहो, हात लावून जा जरा." काका पापडावरून तळवा फिरवायचे, "अजून एक ऊन," म्हणायचे, आणि ते कधी चुकलं नाही.

एका जहागीरदारांना मुलाच्या लग्नात तालात नावा सोडायच्या होत्या. त्यांनी मोरीला बसेल असा जाड सागवानी फळ्यांचा डट्टा करून पाठवला आणि वर हुकूम, मोरी बंद करा. काका "जी सरकार" म्हणाले आणि डट्टा घरी आणून जेवायचा पाट केला. आठ दिवसांनी कारभारी रागाने लाल होऊन आले. काकांनी त्यांना त्याच पाटावर बसवून पुरणपोळी खायला घातली. मग गल्लीत नेऊन एका भिंतीवरची खूण दाखवली, छातीइतकी उंच. "एका वर्षी मोरी तुंबली होती, तेव्हाची ही खूण. नावा सोडायच्या तर इथे सोडाव्या लागतील, सरकार." कारभारी पोळी पचवत निघून गेले. हुकूम तसाच राहिला आणि पाटही.

असा हा माणूस. आणि मी कोण, तर त्याच्या समोरच्या घरातला, नुकता बाप गेलेला, कॉलेजात नावापुरता जाणारा एक तरुण. काकांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी ओट्यावरून हाक यायची, "ये रे, बस." आणि समोर बोरू, दौत आणि पाऊसवही.

पाऊसवही हे त्यांचंच नाव. तीस पावसाळ्यांची नोंद, सगळी मोडीत, हात न उचलता लिहिलेली. पाऊस कधी लागला, ताल किती पायऱ्या भरला, गल्लीत महादेवाच्या कितव्या पायरीला पाणी टेकलं, ताल कधी रिकामा झाला. त्या वहीवरून त्यांनी मला मोडी शिकवली. मी कुरकुरायचो. मोडी आता कोण वाचतं, काका? "तू वाचशील ना," म्हणायचे. "माझ्यामागे कुणीतरी वाचली पाहिजे, नाहीतर ताल म्हणजे नुसता खड्डा." दोन वर्षांत मी ती वही वर्तमानपत्रासारखी वाचू लागलो. पुढे मला बांधकाम खात्यात हंगामी कारकुनी मिळाली, त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता.

मग संस्थान गेलं आणि मध्यभारत झाला. आज हे एका ओळीत लिहिता येतं. तेव्हा एकेका खुर्चीवर दोन-दोन माणसं बसली होती, एक ग्वाल्हेरचा, एक इंदूरकडचा, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला जादा ठरवायचं याच्या याद्या तयार होत होत्या. आमच्या दफ्तरात आम्ही चार मराठी होतो. डबे उघडतानासुद्धा आम्ही हिंदीत बोलू लागलो होतो. त्यात कुणीतरी पिकवलं, की ज्याला ज्याला मोडी येते त्याला जुन्या दफ्तरखान्यात धूळ झटकायला पाठवणार, आणि रुमालात बांधलेले जुने कागद संपले की त्याची नोकरीही संपणार. खरं होतं की नाही देव जाणे. मी ते खरं मानलं. घरात आई होती, नोकरी हंगामी होती, आणि मी भित्रा होतो. ही तिन्ही कारणं आहेत, पण क्रम मी उलटा लावला आहे.

त्याच सुमारास प्रत्येक तालाची माहिती मागवणारा एक तक्ता आला. सिंचन किती, पिण्यासाठी पाणी किती, मासे किती, उन्हाळ्यात साठा किती. काकांना निरोप गेला आणि काका लाल फडक्यात पाऊसवही बांधून दफ्तरात हजर झाले. साहेब नवे होते, बाहेरून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी कितीदा तरी सगळं त्यांच्यावर ढकललंय.

"बाबा, आपका ताल तो खाली पड़ा है," साहेब म्हणाले.

"खाली है, इसीलिए तो काम का है, साहब."

साहेबांना हसू आलं. "कुछ लिखा हुआ है आपके पास?"

"लिखा हुआ ही तो लाया हूँ." काकांनी फडकं सोडलं. साहेबांनी दोन पानं उलटली, वही फिरवून पाहिली. मग त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे वळली. "तुम दक्षिणी हो न? मोड़ी पढ़ लेते हो?"

दफ्तरातले सगळे टाक थांबले असं मला वाटलं. कदाचित थांबले नसतील. काका माझ्याकडे वळले होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. आता हा उठेल, वही घेईल, घडाघडा वाचेल. आजही डोळे मिटले की तो चेहरा तसाच्या तसा दिसतो.

मी म्हणालो, "नहीं साहब. घर में बस मराठी बोल लेते हैं. मोड़ी नहीं आती."

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग साहेबांकडे वळून हसत म्हणाले, "हाँ साहब, आजकल के लड़कों को मोड़ी कहाँ आती है."

त्यांनी मला सांभाळून घेतलं! तिथे, सगळ्यांसमोर, स्वतःची तीस वर्षं टेबलावर उघडी पडलेली असताना. एक शब्द बोलले असते, "अरे, मीच तर शिकवली याला," तर मी मेलो असतो आणि ताल वाचला असता. त्यांनी वही पुन्हा फडक्यात बांधली आणि दारापाशी माझ्याजवळून जाताना मराठीत म्हणाले, "आईला सांग, काकूने पापड केलेत, घेऊन जा म्हणावं." संध्याकाळी ओट्यावरून रोजच्यासारखी हाक आली. मी आतून कडी लावून घेतली.

तक्ता मीच भरला. सिंचन निरंक. पिण्याचे पाणी निरंक. मासे निरंक. उन्हाळी साठा निरंक. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पूर अडवण्याला रकाना नव्हता, पाणी निवळण्याला नव्हता, आणि तळाशी शेरा लिहायला चार ओळी जागा होती ती मी कोरी सोडली. साहेबांनी तक्ता पाहून साधीच गोष्ट सुचवली. एवढा चांगला बांध आहे, मोरी बंद करा, पाणी साठेल, शहराला शोभा येईल. मोरीला नवा डट्टा बसला आणि दरोग्याची जागा रद्द झाली. काका तीनदा दफ्तरात येऊन बाकावर बसून गेले. मी तिन्ही वेळा मागच्या दाराने बाहेर पडलो. पुढच्याच यादीत मी कायम झालो आणि माझी इंदूरला बदली झाली.

पहिल्या वर्षी ताल भरला आणि लोक खूष झाले. आईचं पत्र आलं, लोक डबे घेऊन बांधावर जातात, फार सुंदर दिसतं. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि मनाशी म्हटलं, बघ, उगाच जिवाला लावून घेत होतास.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात काठोकाठ भरलेल्या तालावर सलग दोन दिवस पाऊस पडला. आता आलेल्या पाण्याला थांबायला जागाच नव्हती. जेवढं वरून आलं तेवढं बांधावरून उडी मारून भर दुपारी गल्लीत घुसलं. बांधाला भेग पडली, तो फुटता तर गल्लीच राहिली नसती. मी इंदूरला होतो. हे सगळं मला आईने सांगितलं. पाणी छातीला लागलं तेव्हा काका समोरून आले, आईला पाठीवर घेतलं, महादेवाच्या वरच्या पायरीवर काकूंजवळ नेऊन बसवलं आणि पहार घेऊन बांधाकडे गेले. मोरीच्या बाहेरच्या तोंडाशी बसून त्यांनी नवा डट्टा पहारीने फोडला. फुटला तसं दोन वर्षांचं साचलेलं पाणी गाळासकट त्यांच्या तोंडावर आलं. बांध वाचला. गल्लीतली माणसं वाचली. विहिरी मात्र घाणीने भरल्या, हिवाळ्यापर्यंत घरोघरी जुलाब आणि उलट्या. आणि काकांचे डोळे आले, ते बरे झालेच नाहीत. आधी एकात फूल पडलं, मग दुसऱ्यात.

मी रजा काढून आलो. काका ओट्यावर त्याच सागवानी पाटावर बसले होते, डोळ्यांवर हिरवं फडकं. माझी चाहूल ओळखली. "आई ठीक आहे ना? मग झालं," म्हणाले. काकू आतून सांगत होत्या, सगळं घर भिजलं, धान्य गेलं, एक तुमच्या काकांची वही तेवढी वरच्या फळीवर होती, तिला थेंब लागला नाही. मी अर्धा तास बसलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. काय बोललो, तर इंदूरची हवा कशी चांगली आहे ते. काका "अच्छा, अच्छा" करत ऐकत होते. इतकी शरम वाटत होती, की घरी येऊन जेवता आलं नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो.

पुढे पुन्हा नकाशे बदलले, मध्यभारतही गेला आणि मध्यप्रदेश झाला. दफ्तरं भोपाळला चालली. मलाही तिकडे बढतीवर जायचं होतं. आईला घ्यायला आलो आणि समोर निरोप घ्यायला गेलो. फोडलेली मोरी पुन्हा बंद करायला कुणाला सवड झाली नव्हती, म्हणून ताल आपला आपण रिकामा होत होता, पण गाळ काढणारं कुणी नव्हतं आणि लव्हाळा कुजून गेला होता. काका अंगणात उन्हात बसले होते. बाजूला काकूंनी पापड घातले होते. काका म्हणाले, "आलास? बरं झालं. जायच्या आधी एक काम कर. वही वाचून दाखव. डोळे गेल्यापासून ऐकली नाही रे."

बस, इतकंच म्हणाले. तुला येते का, असंही विचारलं नाही. काकूंनी वही आणून माझ्या मांडीवर ठेवली.

मी वाचू लागलो. सुरुवातीला अडखळलो, मग जीभ सुटली. श्रावण वद्य पंचमी, पाऊस दोन प्रहरी लागला, ताल नऊ पायऱ्या भरला, गल्लीत घोटा, तिसरे दिवशी ताल रिकामा. काका मान डोलवत होते, मध्येच माझ्याआधी पुढची नोंद म्हणत होते. "त्या वर्षी बाभळीचं झाड अडकलं होतं मोरीत," असं सांगून हसत होते. त्यांना सगळी वही पाठ होती. मग मला कशाला वाचायला लावलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

वाचत वाचत मी त्या वर्षावर आलो. पावसाच्या नोंदींच्या आधी, वैशाखात, त्यांनी एक ओळ लिहिली होती. "आज दफ्तरात वही दाखविली. वाचणारा कोणी मिळाला नाही."

शाई काळीभोर, अक्षर टपोरं. माझं नाव कुठे नव्हतं. मी थांबलो आणि खालच्या ज्येष्ठाच्या नोंदीवरून सरळ पुढे वाचू लागलो.

काकांनी हात वर केला. "एक दिवस राहिला रे."

काकू पापड उलटायच्या थांबल्या. ती ओळ मोठ्याने वाचली असती, तर तेवढ्यात सगळं सांगून झालं असतं. क्षमासुद्धा मागावी लागली नसती.

मी म्हणालो, "पान भिजलंय काका. अक्षर लागत नाही."

काकांनी हात पुढे केला आणि मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी त्या पानावर तळवा ठेवला आणि पापडावरून फिरवायचे तसा हळूहळू या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला.

"हो रे," म्हणाले, "भिजलंय खरं. पुढचं वाच."

आणि मी पुढचं वाचलं.